जुन्या नासवर (घरच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीवर) लिनक्स टाकताय? बूटलोडरला हात लावायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका पोराच्या घरी वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेलं सीगेट गोफ्लेक्स होम हे नास पडून आहे. विंडोज 11 वरून त्याचा शेअर उघडत नाही. त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घरचे फोटो अन बॅकअप ठेवायचे आहेत. यू-बूट (पेटी चालू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलणारा बूटलोडर) बदलावंच लागते का, अन "ब्रिक" झालं, म्हणजे पेटी उठलीच नाही, तर काय, हे त्याने विचारलं आहे. तू स्वतःच वय सांगितलं म्हणून सरळ "तू"च म्हणतो, राग मानू नको.

पहिले शेअर काहून दिसत नाही ते सांगतो, कारण अर्धे लोक इथंच पेटी भंगारात देतात. या काळातल्या पेट्यांमधला सांबा (शेअर देणारा प्रोग्राम) एसएमबी1 ही फाईल शेअरिंगची जुनी भाषा बोलणारा आहे, अन विंडोज 10 च्या 2017 मधल्या 1709 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी1 डिफॉल्टमधून काढायला सुरुवात केली. म्हणजे पेटी बिघडली नाही, दोघांची भाषा जुळत नाही एवढंच. विंडोजमध्ये एसएमबी1 चालू करून काम भागते, यूट्यूबवाले तेच सांगतात, पण ते करू नको. अन जुनं फर्मवेअर तसंच इंटरनेटला जोडून ठेवणं तर त्याहून वाईट. डब्ल्यूडी कंपनीच्या माय बुक लाइव्ह या अशाच पेटीला 2015 नंतर अपडेट नव्हते, अन जून 2021 मध्ये जगभरातल्या लोकांच्या त्या पेट्या बाहेरून कुणीतरी फॅक्टरी रिसेट करून पुसून टाकल्या. रात्री झोपले तेव्हा फोटो होते, सकाळी फोल्डर रिकामे. म्हणून लिनक्स टाकायचा तुझा विचार बरोबरच आहे.

आता तुझी पेटी. आत मार्व्हेल कंपनीचा कर्कवुड 88एफ6281 प्रोसेसर आहे, 1.2 गिगाहर्ट्झ, आर्म व्ही5, 128 एमबी रॅम, 256 एमबी नँड फ्लॅश, गिगाबिट इथरनेट. 128 एमबीत डॉकर, नेक्स्टक्लाउड, जेलीफिन असलं काही होणार नाही, ते डोक्यातून काढ. सांबा, आरसिंक (बॅकअपची कॉपी), एसएसएच (दुरून लॉगिन), फार तर एखादं हलकं काम, बस. पण तेवढ्याला हे मशीन आजही मस्त आहे. आमच्या वेळेस लिंक्सिसचा एनएसएलयू2 होता, लोक त्याला प्रेमानं स्लग म्हणत, 32 एमबी रॅम अन 8 एमबी फ्लॅश, अन त्यावर लोक डेबियन चालवायचे. त्या मानाने तू श्रीमंत आहेस बावा.

मुद्द्याचं बोलू. बूटलोडर बदलावा का? दरवेळेस नाही. पेटी चालू झाली की चिपमधला बूटरॉम नँडच्या सुरुवातीला लिहिलेलं यू-बूट उचलते, यू-बूट आपल्या एन्व्हमधला (सेटिंगच्या यादीतला) बूटकमांड वाचते अन त्याप्रमाणे कर्नल लोड करते. म्हणजे नुसता बूटकमांड बदलून "आधी यूएसबी पाहा, नाही मिळालं तं जुनंच चालव" असं सांगता येते, अन मूळ यू-बूटला धक्का न लावता काम होते. अडचण अशी की तुझ्या पेटीतलं मूळ यू-बूट 1.1.4 च्या पिढीचं आहे. त्याला डिव्हाइस ट्री (पेटीत कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी यादी) माहीतच नाही, ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइलसिस्टिम माहीत नाही. अन कर्कवुडसाठी कर्नल 2014 च्या सुमारास पूर्ण डिव्हाइस ट्रीवर गेला. मग जुन्या यू-बूटवर नवा कर्नल चालवायला डीटीबी फाईल (तीच डिव्हाइस ट्री) कर्नलच्या शेपटीला चिकटवायची, एमके-इमेज टूलने त्याची यू-इमेज (यू-बूटला कळणारी फाईल) करायची, ती ईएक्सटी2 किंवा फॅट पार्टिशनवर ठेवायची, अन प्रत्येक कर्नल अपडेटला हा सगळा खटाटोप परत. चालते, मी दोन वर्षं चालवलं. पण एकदा अपडेटनंतर चिकटवायचं विसरलो अन पेटी उठलीच नाही, तेव्हा कंटाळून बदललं. क्युनॅप कंपनीच्या कर्कवुड पेट्यांचं दुखणं वेगळं होतं, त्यांच्या फ्लॅशमध्ये कर्नलसाठी ठेवलेली जागाच एवढीशी की पुढचा कर्नल त्यात मावेना, म्हणून डेबियन 10 वरच त्यांची गाडी थांबली. तर गोफ्लेक्ससाठी माझं मत, बदल. मेनलाइन, म्हणजे यू-बूट प्रकल्पाच्या अधिकृत सोर्समध्ये गोफ्लेक्स होमची स्वतःची कॉन्फिग आहे, कुण्या अनोळखी माणसाची बायनरी घ्यायची गरज नाही, स्वतः कंपाइल करता येते.

पण बदलायच्या आधी सिरियल कन्सोल, म्हणजे पेटीशी वायरीनं थेट बोलायची सोय. याच्यावर मी तडजोड करत नाही. लोक म्हणतात एसएसएचवरून दोन कमांडी मारल्या की झालं, अन दहापैकी नऊ जणांचं होतेही. दहावा मी होतो.

तो किस्सा सांगतो, त्यातच अर्धं उत्तर आहे. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर 45 च्या वर, कूलर फुल, अन मी घरच्या गोफ्लेक्स नेटवर (तुझ्या पेटीचंच भावंड) यू-बूट टाकून राहिलो होतो. डब्ल्यूगेटने इमेज उतरवली, फ्लॅश-इरेजने एमटीडी0 चे (नँडच्या पहिल्या पार्टिशनचे) पहिले 4 ब्लॉक पुसले, 128 केबीचा एक, म्हणजे 512 केबी. मग नँडराइट मारलं. ते म्हणते इनपुट फाईल पेज-अलाइन्ड नाही, पॅडिंगचा ऑप्शन वापरा. आता इथंच थांबायला पाहिजे होतं ना? यू-बूटची तयार इमेज नीट मापात असते, ही तक्रार यायलाच नको होती. पण मी शहाणा, पॅडिंगचा ऑप्शन दिला, लिहिलं गेलं, रिबूट मारलं. अन संपलं. लाइट लागून राहिला एकटक, पिंग नाही, काही नाही. रात्री फाईल उघडून पाहिली तर काय, 14 केबीचं वेबपेज! लिंक बदलली होती, सर्व्हरने "फाईल सापडली नाही" असं सुंदर एचटीएमएल पान पाठवलं होतं अन मी ते पान बूटलोडर म्हणून फ्लॅशमध्ये लिहून मोकळा झालो होतो.

त्या दिवसापासून दोन सवयी आहेत. एक म्हणजे चेकसम (फाईल बरोबर उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवल्याशिवाय काही लिहायचं नाही. दुसरी, लिहायच्या आधी फाईलचा पहिला बाईट हेक्सडंपने पाहायचा. कर्कवुडच्या इमेजच्या हेडरमध्ये पहिलाच बाईट सांगतो की ही कुठून बूट व्हायची आहे. नँडसाठी 8बी, एसपीआय फ्लॅशसाठी 5ए, साटा डिस्कसाठी 78, यूआर्ट म्हणजे सिरियलसाठी 69. तुला नँडमध्ये लिहायचं आहे तर 8बी दिसलंच पाहिजे. माझ्या फाईलचा पहिला बाईट 3सी होता, म्हणजे एचटीएमएलचा उघडणारा कोनी कंस. दोन सेकंदांचं काम होतं ते.

मग वाचली कशी ती पेटी? बर्डीवर (सीताबर्डीला) गेलो, मोदी नंबरच्या गल्लीतून यूएसबी-टीटीएल अडॅप्टर (लॅपटॉपच्या यूएसबीतून सिरियल काढणारा) आणला. तुलाही तेच सांगतो, सीपी2102 किंवा सीएच340 वाला घे, अन 3.3 व्होल्टचा आहे का ते विचारूनच घे. दुकानदार "सिरियल केबल" म्हणून नऊ पिनांची आरएस-232 वाली पुढे करेल, ती घेऊ नको, तिचे व्होल्टेज या चिपला जाळून टाकतात. अन अडॅप्टरवर 5 व्होल्टचा जंपर असतो कधीकधी, तो हलवून 3.3 वर कर.

पेटीचं झाकण प्लास्टिकच्या खाचांवर बसलेलं असते, जुन्या एटीएम कार्डानं हळूहळू उकल, स्क्रूड्रायव्हर घुसवला तं ओरखडे राहतात (अन वडिलांची वस्तू आहे, ऐकून घ्यावं लागेल). आत पिना दिसतील पण त्यावर नाव लिहिलेलं नसते. मल्टीमीटर काढ. पेटी बंद असताना पेटीच्या पॉवरच्या जॅकच्या बाहेरच्या भागाशी जी पिन बीप देते ती ग्राउंड. पेटी चालू केल्यावर जी एकदम ठाम 3.3 दाखवते ती व्हीसीसी (पॉवरची पिन), तिला वायर लावायचीच नाही, कधीच नाही. जिच्यावर चालू होताना आकडा थोडा थरथरते, खाली-वर होते, ती बहुतेक टीएक्स (पाठवणारी; आरएक्स म्हणजे घेणारी). पेटीची टीएक्स तुझ्या अडॅप्टरच्या आरएक्सला, पेटीची आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. तीन वायरी, बस. स्पीड 115200, 8 बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट. मिनिकॉम वापरत असशील तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल डिफॉल्टने चालू असते, ते बंद कर. नाहीतर काय होते, स्क्रीनवर सगळं दिसते पण तुझं टायपिंग जात नाही, अन माणूस तासभर वायरी उलटसुलट करत बसते. अनुभव आहे.

आता या सगळ्यातली मजेची गोष्ट. कर्कवुडच्या बूटरॉममध्ये यूआर्टवरून बूट करायची सोय आहे. म्हणजे फ्लॅशमध्ये कचरा असला तरी चिप स्वतः सिरियलवर ऐकते. पॉवर दिल्याबरोबर लगेच बीबी 11 22 33 अशी 77 पर्यंतची ठरलेली बाईटांची रांग तिला ऐकू आली की ती म्हणते बरं, पाठव, अन मग एक्समोडेम या फाईल पाठवायच्या पद्धतीनं यू-बूट थेट रॅममध्ये घेऊन चालवते. हे काम केडब्ल्यूबूट नावाचं छोटंसं टूल करते, ते यू-बूटच्या सोर्ससोबतच येते. क्रम महत्त्वाचा आहे, आधी लॅपटॉपवर केडब्ल्यूबूट चालू करायचं, ते रांग पाठवत बसते, अन मग पेटीला पॉवर द्यायची. उलट केलं तर बूटरॉम ऐकायची वेळ निघून गेलेली असते. लागलं एकदा की टक्केवारी सरकायला लागते, 512 केबीला जवळपास एक मिनिट. मधेच अडकलं तर वायर ढिली आहे असं समज, पॉवर काढ, परत कर. माझं चौथ्यांदा लागलं, अन स्क्रीनवर यू-बूटची पहिली ओळ आली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, घरचे सगळे झोपलेले, म्हणून ओरडता पण आलं नाही. एक इशारा, जुन्या बूटरॉमच्या, म्हणजे 1.11 आवृत्तीच्या काही चिपांमध्ये ही सोय चालत नाही, 1.21 वर चालते. म्हणून फ्लॅश करायच्या आधीच तपासून घ्यायचं.

अन ते तपासायची पद्धत म्हणजेच माझं तुला खरं सांगणं आहे. नवं यू-बूट आधी केडब्ल्यूबूटने रॅममध्ये चालव. फ्लॅशला हात लावायचा नाही. त्यात दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली, तुझ्या पेटीला यूआर्ट बूट येते, म्हणजे पुढे काही चुकलं तरी परतीचा रस्ता आहे. दुसरी, ही इमेज तुझ्या पेटीवर खरंच चालते. रॅममध्ये चालणाऱ्या त्या यू-बूटमधूनच यूएसबी दिसते का पाहा, डिस्क दिसते का पाहा, पिंग जाते का पाहा, डेबियनचा कर्नल लोड करून पूर्ण बूट करून पाहा. काही बिघडलं तर पॉवर काढ, पेटी जशीच्या तशी, जुन्या यू-बूटवर. दोन-तीन दिवस असंच खेळ. मन भरलं की मग लिही. लोक उलटं करतात, आधी लिहितात अन चालते का ते नंतर पाहतात, अन नंतर इथं येऊन विचारतात.

लिहायच्या दिवशी आधी घरची डिस्क काढून ठेव, फोटो दुसरीकडे कॉपी करून घे, ते तर आलंच. मग नँडडंपने सगळ्या एमटीडी पार्टिशनची कॉपी पेनड्राइव्हवर, अन ती लॅपटॉपवर पण. एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्हचं पूर्ण आउटपुट एका टेक्स्ट फाईलमध्ये. त्यात इथ-अ‍ॅड्र म्हणून ओळ असते, तो पेटीचा मॅक पत्ता, तो कागदावर पण लिही. नवं यू-बूट आलं की जुना एन्व्ह जातो अन डिफॉल्ट मॅक येतो. एक पेटी असेल तर काही फरक पडत नाही, पण माझ्याकडे अशा दोन होत्या, दोघींना एकच मॅक, अन राउटर कधी हिला तं कधी तिला आयपी देऊन राहिला होता. दोन दिवस केबल बदलत बसलो. डीमेसेजमध्ये बॅड ब्लॉकच्या ओळी शोध, पहिल्या 4 ब्लॉकांत एखादा बॅड निघाला तर लिहूच नको, आधी विचार.

एन्व्हच्या बाबतीत एक खड्डा आहे, तो नीट दाखवतो कारण यात शहाणे लोक पडतात. एफडब्ल्यू-सेटएन्व्ह हे टूल एफडब्ल्यू-एन्व्ह-कॉन्फिग फाईल वाचून ठरवते की एन्व्ह फ्लॅशमध्ये कुठे आहे. जुन्या यू-बूटची जागा अन नव्याची जागा वेगळी असू शकते. कॉन्फिगमध्ये जागा चुकीची असली तर प्रिंटएन्व्ह म्हणते "बॅड सीआरसी, युजिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट" अन खाली व्यवस्थित दिसणारी यादी छापते. माणसाला वाटते, हां, आला एन्व्ह. ती यादी तुझ्या पेटीची नाहीच, टूलच्या पोटातली आहे. अन त्यावर तू सेटएन्व्ह मारलं की ते त्या चुकीच्या जागेवर लिहिते. तिथं यू-बूटचाच तुकडा असला तर आपल्या हाताने आपलं यू-बूट खोडलं. म्हणून बॅड सीआरसी दिसलं की हात वर, काही लिहायचं नाही, आधी जागा बरोबर कर. यादीत तुझाच मॅक दिसतो का, हा सोपा ताळा.

प्रत्यक्ष लिहिणं दोन-तीन सेकंदांचं आहे. तरी पेटी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लाव. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइनीचा काय भरवसा, अन पहिल्या पावसाच्या वाऱ्यात तर नाहीच. पुसून झालं अन लिहायच्या आधी लाइन गेली तरी आता घाबरायचं कारण नाही, केडब्ल्यूबूट आहे, पण रात्र जाते. लिहून झालं की रिबूट करू नको लगेच. तेवढाच भाग नँडडंपने परत वाच अन मूळ फाईलशी जुळव. जुळलं तरच रिबूट.

डेबियनचं थोडक्यात. ही चिप डेबियनच्या आर्मेल (जुन्या आर्म चिपांसाठीच्या) प्रकारात येते. डेबियन 12 मध्ये कर्कवुडला चालणारा मार्व्हेल कर्नल आहे. 13 मध्ये आर्मेलसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नल फक्त जुन्या रास्पबेरी पाय 1 अन झिरोसाठी, अन 13 हीच आर्मेलची शेवटची आवृत्ती. म्हणजे तुझ्यासाठी 12 किंवा मग स्वतःचा कर्नल. पुढची बरीच वर्षं चालव अशी वस्तू ही नाही, घरच्या नेटवर्कच्या आत, राउटरवर पोर्ट न उघडता वापर. रूट फाइलसिस्टिम नँडवर टाकू नको, डिस्कवर किंवा चांगल्या पेनड्राइव्हवर टाक. बूट-आर्ग्समध्ये रूटडिले 10 दे, यूएसबीवरची डिस्क फिरायला वेळ घेते अन कर्नल घाई करते, मग "रूट माउंट होत नाही" म्हणून पॅनिक. 128 एमबीत एपीटी (सॉफ्टवेअर टाकायचं टूल) कधी धापा टाकते, डिस्कवर 512 एमबी स्वॅप ठेव.

अजून एक, हे हमखास विचारलं जाते. या पेटीत घड्याळाला बॅटरी नाही. लाइन गेली, आली, की तारीख मागे जाते. मग एपीटी अन एचटीटीपीएस दोघंही रुसतात, सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणतात, अन माणूस नेटवर्क तपासत बसते. फेक-एचडब्ल्यूक्लॉक टाक, ते बंद होताना वेळ लिहून ठेवते, अन सोबत एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू ठेव.

डिस्क 20 मिनिटं रिकामी असली की झोपावी म्हणून एचडीपार्म टूलचा एस ऑप्शन 240 वर ठेव. पेटी कूलरच्या तोंडाशी ठेवू नको, गार वाटते पण ती ओली हवा आहे. माझी जिन्याखाली जमिनीवर ठेवली आहे, मे महिन्यात स्मार्टकंट्रोलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं टूल) डिस्कचं तापमान 50 च्या जवळ जाते, तेव्हा दुपारी मी तिला सरळ बंद करतो अन संध्याकाळी लावतो.

आधी अडॅप्टर आण अन रॅममध्ये चालवून पाहा. पहिल्या बूटचा सिरियल लॉग पूर्ण पाठव, बूटरॉमची आवृत्ती कळली की पुढचं सांगतो. तोवर फ्लॅश-इरेज टाइप पण करू नको.